रबानाचे पाय

आमच्या घरात रबानाचे पाय होते, रबान नव्हतं. फणसाच्या लाकडाचे तीन बुटके पाय, त्यांवर लाल-पिवळ्या लाखेचे पट्टे, चुलीवरच्या आढ्याला दोरीने बांधून टांगलेले. धुराने ते इतके काळे झाले होते की माझी भावजय लग्न होऊन आली तेव्हा तिला ते सुकवलेले मासे वाटले होते. एक दिवस तिने कालवणासाठी त्यातला एक काढायला हात वर केला आणि माझ्या आईने तिला जे काही ऐकवलं, ते ती अजून विसरलेली नाही.

रबान, म्हणजे बायका भोवती बसून वाजवतात ते चामड्याचं मोठं वाद्य, होतं लोकुअम्माकडे. लोकुअम्मा म्हणजे अम्माची थोरली बहीण, उक्कु मेणिके. अठरा वळणांचा घाट उतरून खाली कोरड्या मुलखात गेलं की तिचं घर. माझी आई टिकिरी मेणिके इकडे वर, डोंगरात. धरण व्हायच्या आधी दोघी एकाच गावात, एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना राहायच्या. गाव पाण्याखाली जाणार हे ठरल्यावर सरकारने कुणाला खाली जमीन दिली, कुणाला वर, आणि सामान ट्रकमध्ये चढवायच्या दिवशी आजीच्या रबानावरून दोघींची जुंपली.

ते रबान म्हणजे साधी वस्तू नव्हती. गाडीच्या चाकाएवढं त्याचं तोंड. अवुरुदूला, आमच्या नव्या वर्षाला, आजी ते अंगणात मांडायची, खाली करवंटीचे निखारे ठेवून चामडं तापवायची आणि मग एका बाजूला लोकुअम्मा, दुसऱ्या बाजूला अम्मा आणि मध्ये ती स्वतः अशा तिघी बसायच्या. त्यांचा आवाज खोऱ्याच्या पलीकडच्या गावात ऐकू जायचा. ट्रकपाशी लोकुअम्मा म्हणाली, मी थोरली, रबान माझं. अम्मा म्हणाली, आईचं शेवटचं दुखणं मी काढलं, रबान माझं. लोकुअम्माच्या नवऱ्याने रबान उचलून ट्रकमध्ये ठेवलं. तेव्हा माझ्या आईने कमरेचं कापड खोचलं, ट्रकवर चढली, तिन्ही पाय उपटून काढले आणि खाली उडी मारली.

"घेऊन बस ते पाय!" लोकुअम्मा वरून ओरडली. "नाचायला उपयोगी पडतील!"

ट्रक गेला. मी चौदा वर्षांची होते. आता माझे केस पांढरे झालेत, आणि त्या दिवसापासून दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

कुणी म्हणेल, मग भेटून मिटवायचं. मिटवायचं कसं? अवुरुदूला धाकट्याने थोरल्याकडे जायचं, गुडघे टेकून विड्याच्या पानांची जुडी हातात द्यायची, डोकं जमिनीला लावायचं. थोरल्याने डोक्यावर हात ठेवला की मागचं सगळं पुसलं. पण पहिलं पाऊल धाकट्याचं. थोरलं माणूस धाकट्याच्या दारात आधी जात नाही, गेलं तर दोघांचीही शोभा. म्हणजे लोकुअम्माला यायची सोय नव्हती आणि अम्माला जायची इच्छा नव्हती. निदान ती तसं म्हणायची. दर अवुरुदूला वेलीवरची पानं खुडताना मात्र ती एक जुडी जास्त बांधायची. ती जुडी फळीवर राहायची, संध्याकाळपर्यंत मलूल व्हायची, मग पिवळी पडायची. तिला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. माझ्या वडिलांचीही नव्हती, आणि ते तर पानाशिवाय घटकाभर राहत नसत.

या वर्षी मल्लिका नावाच्या बाईचा फोन आला. धरणाच्या काठावर बुडालेल्या गावांतल्या वस्तू जमवून संग्रहालय केलंय, ते ती सांभाळते.

"अक्का, आमच्याकडे एक रबान आलंय. त्याचे पाय तुमच्याकडे आहेत म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"ज्यांनी रबान दिलं त्यांनी. अवुरुदूचं तेल लावायचा मुहूर्त झाला की दुसऱ्या दिवशी या. जुन्या गावच्या लोकांना बोलावलंय. त्याही येतील असं म्हणाल्यात, पण वय झालंय, बसचा प्रवास, नक्की काही सांगत नाहीत."

मी अम्माला सांगितलं तेव्हा ती नारळ खवत होती. हात थांबला. "आईचं रबान परक्यांना देऊन टाकलं?" ती म्हणाली. "शाळेची पोरं बघायला येतील म्हणून?" पुढे कितीतरी वेळ ती नारळच खवत राहिली, करवंटी खरवडून निघेपर्यंत. मग म्हणाली, "पाय खाली काढ. घासून दे. पाय देऊ आणि येऊ. मला कुणाला भेटायचं नाही."

मी मूग गिळून पाय घासले.

मी वाद घातला नाही, त्याला कारण होतं. अम्माच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे आणि डॉक्टरांनी हात टेकलेत. तिला कडा दिसतात, रंग दिसतात, चेहरे दिसत नाहीत. तिला सगळं पाण्याखालून दिसावं तसं दिसतं, आणि जे दिसतं तेही पुढच्या अवुरुदूपर्यंत राहील याचा भरवसा नाही. लोकुअम्मा तर तिच्याहून थोरली. या वर्षी भेट झाली नाही तर होणारच नाही, हे अम्माला ठाऊक होतं आणि मलाही. आम्ही दोघी त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हतो.

बसमध्ये मी पायांची पिशवी मांडीवर घेतली. दुसरी पिशवी अम्मा सोडायला तयार नव्हती.

"त्यात काय आहे?" मी विचारलं.

"कौम तळलेत. अवुरुदूला गोडाशिवाय, रिकाम्या हाताने जायचं का कुणाकडे?"

"आणि ते ओल्या फडक्यात?"

"ओलं फडकं," अम्मा म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

पांगारे फुलले होते. कोकिळा इतक्या ओरडत होत्या की ड्रायव्हरने रेडिओ बंद केला. शेवटच्या वळणावर धरण दिसलं. या दिवसांत पाणी खाली जातं आणि आमच्या गावाचा थोडा भाग वर येतो. देवळाच्या बोधिवृक्षाचं वाळलेलं खोड येतं, आणि जुना रस्ता, पाण्यातून निघून थोडासा चालून पुन्हा पाण्यात उतरणारा. मी अम्माला सांगितलं नाही. पण तिने त्याच वेळी हात जोडले. तिला काय दिसलं आणि किती दिसलं, मी विचारलं नाही.

मल्लिका फाटकात उभी होती. गोल चेहऱ्याची, बोलघेवडी बाई. "आयुबोवन अम्मा, आयुबोवन अक्का! या, या. बाकीची मंडळी सकाळीच येऊन, दूधभात खाऊन गेली. तुम्हाला उशीर झाला."

"बसला झाला," मी म्हणाले. "आणि माझ्या मावशी?"

मल्लिका फाटकाजवळच्या कुंडीतलं सुकलेलं पान खुडायला वाकली. "चारची बस आहे अजून. त्या बसने येतील बहुतेक." मग लगेच तिने विषय बदलला. माकडांनी कसा उच्छाद मांडलाय ते सांगू लागली. मातीच्या बायका केल्यात म्हणे रबानाभोवती बसवायला, अगदी खऱ्यासारख्या, आणि परवा माकडांनी आत शिरून त्यांतल्या एकीची मान मोडली. ती आता कँडीला कारागिराकडे दुरुस्तीला गेलीय. मी अर्ध्या कानाने ऐकत होते. माझं लक्ष अम्माकडे होतं. 'चारची बस' ऐकून तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली होती.

संग्रहालय म्हणजे जुनी मातीची घरं एकमेकांना जोडून उभी केलेली. वर फणसांची सावली. दारात अम्माने चपला काढल्या.

"अम्मा, राहू द्या चपला," मल्लिका म्हणाली.

"लोकांच्या घरात चपला घालून जाऊ?"

मग तिने दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. वरून खाली आणि खालून वर. एका जागी बोटं थांबली. "अगं, हे तर वैद्यबुवांचं दार! इथे त्यांच्या म्हशीने शिंग मारलं होतं. बुवा, आहात का?" आणि आत गेली.

भिंतीवर पाटी होती, वस्तूंना हात लावू नये. मल्लिकाने ती शांतपणे उलटी करून ठेवली. त्या क्षणापासून ती बाई मला आवडायला लागली.

आतल्या खोल्यांत काय काय होतं ते मला सांगता येणार नाही, कारण आम्ही संग्रहालय पाहिलंच नाही. आम्ही गावातून चाललो. अम्मा पुढे, तिचा हात भिंतीवर, मग मातीच्या कणगीवर, मग उखळावर, आणि हात लागेल तिथे ती थांबायची आणि बोलायची. उखळापाशी ती म्हणाली, "हे पुंची हामीचं. काय गं, अजून सुनेलाच कांडायला लावतेस?" मासे पकडायच्या वेताच्या टोपलीत तिने हात घातला आणि दचकल्यासारखा काढून घेतला, जणू आत काही वळवळलं, आणि लहान मुलीसारखी हसली. सुपांच्या खोलीत तिने एक सूप उचलून नुसतं पाखडलं. त्यात काही नव्हतं. मला मात्र कोंडा उडताना दिसला, नाकात गेला, मी शिंकले.

खिडक्या लहान होत्या आणि फणसाच्या पानांतून येणारा उजेड हिरवा होता. चालता चालता माझी दिशा चुकली. ही खोली आपण पाहिली की नाही, हे दार मघाशी उजवीकडे होतं की डावीकडे, काही कळेना. अम्माला कळत होतं. "आता ओढा येईल," ती म्हणाली, आणि खरंच कुठेतरी पाणी वाहत होतं. बागेतला नळ असेल. "आता इथे जरा चढ आहे," ती म्हणाली, आणि फरशी सपाट असूनही मला दम लागला. असं वाटत होतं की पाणी कधी ओसरलंच नव्हतं, ते आपल्या डोक्यावर आहे, आणि आपण तळाशी गावातून हिंडतोय, आणि श्वास घ्यायला काही अडचण नाही. मला कशाची भीती वाटेना. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

फक्त अम्माची पिशवी पाहिली की मी घड्याळाकडे बघायचे. ओल्या फडक्याचं पाणी तळाशी झिरपत होतं. चार वाजून गेले. फाटकाशी बस थांबल्याचा आवाज आला. आम्ही दोघी उभ्या राहिलो. बस गेली. कुणी आलं नाही.

"लांबचा पल्ला आहे," मी म्हणाले.

"मी कुणाची वाट बघत नाहीये," अम्मा म्हणाली. "पाय कुठे ठेवायचे ते विचार त्या बाईला. अंधार पडायच्या आत घरी जाऊ."

तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला लोकुअम्माचा भयंकर राग आला. काय ही थोरली! बहीण आंधळी व्हायला आली आणि हिला बस मिळत नाही. मिळत नाही म्हणे! यायचंच नसणार. मनातल्या मनात मी तिला इतकं बोलले, इतकं बोलले, की समोर असती तर पळून गेली असती.

रबानाची खोली शेवटची. तिथे खिडकी एकच, तीही कोपऱ्यात. उंबऱ्यात उभं राहून मी पाहिलं. मधोमध रबान, खाली चार विटा लावून टेकवलेलं. भोवती मातीच्या बायका बसलेल्या, खरे कपडे नेसवलेल्या, केसांचे अंबाडे घातलेल्या, माना रबानाकडे झुकलेल्या. खऱ्यासारख्या म्हणजे अगदीच खऱ्यासारख्या. मला त्या बघवेनात. मध्ये दोरी लावली होती. कुठेतरी पाल चुकचुकत होती, हलकेच, थांबून थांबून.

अम्मा जागच्या जागी थांबली.

"ऐकलंस?"

"पाल आहे अम्मा."

तिने हात वर करून मला गप्प केलं. मान एका बाजूला कलती करून ती ऐकत राहिली. मग पिशवी उघडली. ओलं फडकं सोडून पानांची जुडी काढली, हिरवीगार, एकावर एक नीट लावलेली. आणि दोरी ओलांडून ती सरळ आत गेली.

"अम्मा! अगं, त्या मातीच्या आहेत! अम्मा, तिथे कुणी नाही!"

तिने ऐकलं नाही. मी पुढे धावले तर मल्लिकाने माझं मनगट धरलं, घट्ट. मला तिचा संताप आला. बघतेस काय, मला म्हणायचं होतं, माझी आई मातीच्या बाहुलीपुढे गुडघे टेकतेय. पण तोवर अम्माने गुडघे टेकले होते. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या एका जाड बाईपुढे, पांढरं कापड, पांढरी चोळी, मान खाली.

"अक्का," अम्मा म्हणाली. "मी टिकिरी. पाय आणलेत."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"रागात उपटले मी. राग त्याच रात्री गेला, पण ट्रकही गेला होता. मग दर वर्षी पानं बांधायची मी. दर वर्षी वाटायचं, उद्या जाईन. सकाळी वाटायचं, तिने निदान कुणाच्या हाती निरोप पाठवावा. तुझा नवरा गेला तेव्हा मी आले नाही. तेव्हा तर मी बसस्टँडपर्यंत आले होते, अक्का. माझा गेला तेव्हा तूही आली नाहीस. मी त्या वेळी तुला फार शिव्या दिल्या." ती थांबली. नाक ओढलं. "आता मला चेहरे दिसत नाहीत. तुझाही दिसत नाहीये. तू चिडलीयस की हसतेयस, मला कळत नाही. म्हणून तू काहीतरी बोल."

मी पुन्हा वळून पाहिलं. अम्माने जुडी दोन्ही हातांनी पुढे धरली होती. मग ती वाकली आणि कपाळ फरशीला टेकवलं.

मातीच्या बाईने पानं घेतली. मग दुसरा हात उचलला आणि माझ्या आईच्या डोक्यावर ठेवला.

मी किंचाळले. लाज वाटते सांगायला, पण चांगली जोरात किंचाळले.

"कोण ओरडतंय गं ते?" मातीची बाई म्हणाली. "तुझी पोरगी का? लहानपणीही अशीच होती." मग खाली बघून, अगदी हळू आवाजात, "दीर्घायुषी हो. ऊठ. ऊठ गं बाई, मला वाकता येत नाही आता. सकाळपासून बसलेय इथे, पायांना मुंग्या आल्यात."

मोडक्या मानेच्या बाईची जागा रिकामी होती. मला ते फाटकातच सांगितलेलं होतं, आणि मी माझ्या दोन धडधाकट डोळ्यांनी त्या जागी बसलेल्या माणसाला माती समजले होते. पालही नव्हती. रबानाच्या लाकडी कडेवर लोकुअम्माची नखं वाजत होती, दोन ठोके आणि मग जरा थांबणं, ते कधीपासून चालू होतं कुणास ठाऊक.

"तुला माहीत होतं!" मी मल्लिकावर डाफरले. तिचे डोळे पुसून लाल झाले होते.

"मी काय करू अक्का? त्यांनी शपथ घातली. म्हणाल्या, तिला सांगू नकोस. ती आपणहून येते का बघू दे."

"आणि आली नसती तर?" मी लोकुअम्माला विचारलं. थोरलं माणूस, अवुरुदूचा दिवस, पण माझा राग मला आवरेना. "आम्ही निघालोच होतो! नुसती पिशवी ठेवून परत गेलो असतो तर? मला तर वाटलं तू मातीची आहेस!"

"होतेच की," लोकुअम्मा म्हणाली. "मघापर्यंत."

अम्मा उठून तिच्या शेजारी बसली होती. तिने हात पुढे करून बहिणीचा गाल चाचपला, मग नाक, मग तोंड. तोंडापाशी बोटं बराच वेळ राहिली. "दात कुठे गेले गं तुझे?"

"घाटात पडले. अठरा वळणं आहेत, एकेक पडत गेला."

"हसतेयस तू."

"रडतेय. तुला कधी काही नीट कळलंय?"

मग अम्माला आपला जुना राग आठवला. हात काढून घेऊन ती ताठ बसली. "आईचं रबान परक्यांना का दिलंस? माझ्याकडे पाठवलं असतंस तर मी काय ते चुलीत घातलं असतं?"

लोकुअम्मा जरा वेळ पानांची जुडी कुरवाळत राहिली. "तुझ्याकडे पाठवलं असतं तर पाय आणि रबान तुझ्याकडे झालं असतं. मग तू कशाला आली असतीस?" ती म्हणाली. "तू माझ्या दारात येईनास. मला तुझ्या दारात येता येईना. आई मला उगाच आधी जन्माला घालून गेली. मग मी ऐकलं की इथे असं घर आहे, त्याला दार आहे आणि ते कुणाचंच नाही. म्हटलं, वैद्यबुवांच्या दारात यायला कुणाला कमीपणा नाही."

अम्माने आपल्या पिशवीत हात घातला. आतून कौमचा डबा काढला आणि उघडून पुढे सरकवला. लोकुअम्माने एक तुकडा तोंडात टाकला, चघळला, चघळला.

"अजून कडकच करतेस."

"तुला दात नाहीत, त्यात माझ्या कौमचा काय दोष?"

त्यांना तिथेच बसू दिलं असतं तर रात्र झाली असती. पण लोकुअम्माने माझ्याकडची पायांची पिशवी मागितली, पाय काढून हातात घेतले, लाखेचे पट्टे बोटांनी मोजल्यासारखे चाचपले आणि मल्लिकाकडे पाहिलं. मल्लिकाने तोंड उघडलं, बहुधा नियम सांगायला, आणि मिटलं. मागच्या अंगणात सकाळी दूध उतू घालायला चूल मांडलेली होती, राखेखाली निखारे होते. मल्लिकाने आणि मी रबान उचलून तिथे नेलं.

दोन पाय खटकन बसले, जणू काल काढलेले. तिसरा डुगडुगत राहिला. इतक्या वर्षांच्या धुराने लाकूड आकसलं होतं. "बघू," म्हणून लोकुअम्माने मांडीवरच्या जुडीतलं एक पान काढलं, दुमडलं, पुन्हा दुमडलं, भोकात कोंबलं आणि पाय दाबून बसवला. हलायचा थांबला. फळीवर पिवळ्या पडलेल्या सगळ्या जुड्या मला त्या क्षणी आठवल्या, आणि मी मल्लिकाला करवंट्या आणायला मदत करण्याच्या निमित्ताने लांब गेले.

निखारे लावले. चामडं आधी नुसतं भद् वाजलं, मग हळूहळू चढत गेलं. धूर दोघींच्या मधून वर जात होता. खाली धरणाचं पाणी संध्याकाळच्या उजेडात पितळेसारखं झालं होतं आणि कोकिळा गप्प झाल्या होत्या. लोकुअम्मा एका बाजूला बसली, अम्मा दुसऱ्या बाजूला. लोकुअम्माचा हात पडला. अम्माचा हात पडला. आवाज पाण्यावरून पलीकडे गेला आणि डोंगराला लागून परत आला.

मग दोघी थांबल्या, हात तसेच वर धरून.

मला वाटलं, पुढचं विसरल्या. मी मल्लिकाकडे पाहिलं. मग माझ्या लक्षात आलं. दोन ठोके आणि मग जरा थांबणं. तो तिसरा ठोका आजीचा होता. कडेवर नखं वाजवतानाही लोकुअम्माने तिची जागा मोकळी ठेवली होती, आणि अम्माने ती मोकळी जागा ओळखली होती. आता दोघी माझ्याकडे बघत होत्या. अम्मा बघत होती तिथे मी नव्हते, जरा डावीकडे होते. मी डावीकडून सरकून तिच्या नजरेसमोर आले, जमिनीवर बसले आणि हात टाकला. तळवा चांगलाच भाजला.

"उशीर केलास," लोकुअम्मा म्हणाली.

"मी?" मी म्हणाले. "तुम्ही दोघींनी माझे केस पांढरे होईपर्यंत वाट पाहिलीत आणि उशीर मी केला?"

अम्मा हसली. पुढच्या वर्षी तिला हेही दिसेल की नाही, ते मला माहीत नव्हतं. तिने चाचपडत रबानाच्या कडेवरून हात पुढे नेला, बहिणीचा हात सापडल्यावर तो दोनदा थोपटला आणि आपला हात पुन्हा वर उचलला.

"चल," ती म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून."